कात्र्यांबद्दल काही?

बसमधून उतरल्यावर भावाची सून थांब्यावर उभी दिसली आणि तिथंच ताईच्या मनात पाल चुकचुकली. इतक्या वर्षांत तिला न्यायला कधी कुणी आलं नव्हतं. यायचं कारणच नव्हतं. थांब्यापासून सरळ गल्ली, गल्लीच्या तोंडाशी सायकल दुरुस्तीचं दुकान आणि टोकाला कारखान्याचं पत्र्याचं छप्पर. पूर्वी तर डोळे मिटूनही पोचता यायचं. घणाचा आवाज यायचा, त्याच्या मागं मागं जायचं.

कितीतरी वर्षांनी ती आज येत होती, आणि आवाज नव्हता.

सुनेनं तिच्या हातातली पिशवी घेतली, बस कशी मिळाली, जागा मिळाली का, हे सगळं रीतसर विचारलं आणि सायकलवाल्याचं दुकान मागं पडल्यावर हळूच मुद्द्यावर आली.

"आत्या, घरी पोचायच्या आधी एक सांगते. आज पलीकडच्या देशाच्या जकातीतले साहेब कारखाना बघायला येणारेत. त्यांना तुमची ओळख मी सल्लागार म्हणून करून देणार आहे. बहीण म्हटलं की माणसं लगेच दोन पावलं मागं सरतात."

"मी कसला सल्ला दिलाय तुम्हाला?"

"नुसतं बसायचं हो. तुम्ही नुसत्या बसलात तरी चार सल्ल्यांएवढं वजन पडतं."

सून अशीच होती, जिभेवर साखर आणि डोक्यात बर्फ. बुडता धंदा तिनंच वर काढला होता, हे भाऊ चारचौघांत सांगायचा. ताईला हसू आलं, पण ते ओठांपर्यंत येऊन परत गेलं. भावानं फोनवर एवढंच म्हटलं होतं, "ताई, गुरुवारी ये. तू असलीस की मला धीर येतो." आयुष्यात त्यानं तिच्याकडे मागितलेली ही पहिली गोष्ट. त्यामुळं काय, कशाला, हे तिनं विचारलंच नव्हतं.

कारखाना म्हणजे मुळात त्यांच्या वडिलांची भट्टी. वडील शिंप्यांच्या कात्र्या बनवायचे. लांब पात्यांच्या, वजनदार, जाड लोकर एका दमात कापणाऱ्या. लोखंड तापवायचं, ठोकायचं, पाणी द्यायचं, धार लावायची आणि शेवटी मुठीजवळ शिक्का उठवायचा. शिक्क्यासाठी वडिलांनी राजहंस सांगितला होता. कोरणाऱ्याच्या हातून बदक झालं. पैसे दिलेलेच होते, तेव्हा बदक तर बदक. पण पुढं त्याच बदकानं नाव काढलं. सीमेपलीकडचे शिंपीसुद्धा निरोप पाठवायचे, कात्री द्या पण बदकछापच द्या.

दोन मुलं. थोरली अभ्यासात हुशार, धाकट्याचं आणि शाळेचं कधी जमलं नाही. वडिलांनी फार विचार केला नाही. मुलाला भात्याशी बसवलं आणि मुलीला शिकायला मोठ्या शहरात धाडलं. तिथली खोली, पुस्तकं, थंडीतला कोट, सगळं कात्र्यांतून आलं. ताई हे कधी विसरली नाही. फक्त बोलली नाही. गावच्या शाळेत होती तेव्हा ती सकाळी हात दगडानं घासून जायची, नखांत काजळी दिसू नये म्हणून. शहरात काजळी नव्हती, पण घासायची सवय राहिली. वडील काय करतात असं कुणी विचारलं की ती म्हणायची, "लोखंडाचा व्यवसाय आहे." खोटं नव्हतं ते. पण ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढं गोदाम उभं राहायचं, मालमोटारी उभ्या राहायच्या. भट्टी कुणाच्याच डोळ्यांपुढं यायची नाही, आणि ताई ती आणूनही द्यायची नाही.

शिकून ती व्यापार खात्यात लागली, चढत चढत वर गेली. शेजारच्या देशाशी करार करायचं ठरलं तेव्हा आपल्या बाजूनं जी मंडळी बसली, त्यांत बाई अशी ती एकटी. करार ऐकायला सोपा होता. तुमच्याकडे बनलेल्या मालावर आम्ही सीमेवर जकात घेणार नाही, आमच्याकडे बनलेल्यावर तुम्ही घ्यायची नाही. खरी गोम 'बनलेल्या' या शब्दात. तिसऱ्याच देशातून माल आणायचा, त्याला इथं फडकं मारायचं आणि आमचाच म्हणून पलीकडे ढकलायचा, असं होऊ नये म्हणून ताईनं एक कलम लिहिलं. नुसतं जोडणं, घासणं, शिक्का मारणं आणि खोक्यात भरणं म्हणजे बनवणं नव्हे. पलीकडच्यांनी त्यावर खूप वाद घातला, पण ती तसूभर हलली नाही. तिच्या नोकरीतलं तिला सगळ्यांत आवडणारं वाक्य तेच होतं.

मग एक दुपार आली. लांबलचक टेबल, पाण्याचे पेले, जेवण होऊन जड झालेले डोळे. पलीकडची मंडळी एकेका जिनसेचं नाव वाचायची. यावरची जकात काढून टाका, यावरची हळूहळू कमी करा. आपल्याला नको असेल तर म्हणायचं, ही वगळा. साबण झाले, काचेच्या बाटल्या झाल्या, आणि वाचणाऱ्यानं त्याच सुरात वाचलं, "कात्र्या, शिंपीकामाच्या."

ताईच्या शेजारी तिचे सचिव बसले होते. पान उलटता उलटता त्यांनी विचारलं, "कात्र्यांबद्दल काही?"

खात्याचा एक नियम होता. ज्याचं घरचं कुणी त्या धंद्यात असेल त्यानं तसं सांगायचं आणि ती जिन्नस होईपर्यंत बाहेर जाऊन बसायचं. साधी गोष्ट. पण त्याच्या थोडंच आधी एका सहकाऱ्यानं गालिचे वाचवायला जिवाचं रान केलं होतं आणि मागाहून कळलं की त्याच्या सासऱ्याचं गालिच्यांचं दुकान आहे. तेव्हापासून तो खोलीत आला की कुणीतरी म्हणायचं, बघून चाला, सासऱ्याचा गालिचा आहे. ताईही त्यावर हसली होती. आता भावाची कात्री म्हणून आपल्याला हसतील, हे तिच्या मनात आलं. उठून बाहेर जायचं तर का जातेय ते सांगावं लागणार, हेही आलं. दुसऱ्या कुणाच्या भावाच्या कात्र्या असत्या तर ती त्यांच्यासाठी कंबर कसून भांडली असती.

"काही नाही," ती म्हणाली. पान उलटलं गेलं.

नंतर जे व्हायचं ते झालं. पलीकडच्या मोठ्या कारखान्यांच्या यंत्रावर कापलेल्या कात्र्या आल्या, हलक्या, चकचकीत, आणि इथल्या लोखंडाच्या भावात मिळणाऱ्या. दोन हंगाम शिंप्यांनी भावाची भीड ठेवली, मग तेही तिकडं वळले. गल्लीतली माणसं भावाला म्हणायची, अरे, तुझी बहीण त्या टेबलावर बसते ना, सांग की तिला. तेव्हा तो जे उत्तर द्यायचा ते ताईला भावजयीनं एकदा कौतुकानं सांगितलं होतं. तो म्हणायचा, "ताईच्या हातात असतं तर तिनं आपलं वाईट होऊ दिलं असतं का?"

भावजय आता नव्हती. वाक्य मात्र ताईच्या कानात तसंच राहिलं होतं. ते आठवलं की ती स्वतःची समजूत घालायची, मी तत्त्वासाठी गप्प बसले. घरच्यांची बाजू घेतली नाही. लोक तर घरच्यांसाठी देश विकतात. समजूत चांगली होती, पण रोज घालावी लागायची.

कारखान्याच्या दारात भाऊ उभा होता. धुतलेला सदरा, केस पाणी लावून बसवलेले, अगदी शाळेच्या पहिल्या दिवसासारखा. त्यानं ताईच्या पाया पडायला वाकायचा प्रयत्न केला. गुडघा वाकेना, तेव्हा दोघंही हसली.

"राहू दे रे," ताई म्हणाली. "तू वाकलास तर उठवायला माणसं बोलवावी लागतील."

पुढच्या खोलीत बाकांवर गल्लीतल्याच बायका बसल्या होत्या. एक पाती जुळवत होती, एक खिळा ठोकत होती, एक मुठी घासत होती. टोकाला जुना शिक्का घेऊन एक म्हातारी बसली होती आणि एकेका कात्रीवर बदक उठवत होती. टक, टक. घणाच्या मानानं तो आवाज म्हणजे पाल बोलल्यासारखा.

मागच्या बाजूला, पडद्याआड, भट्टी. ताई सवयीनं तिकडं गेली. जमीन झाडून लख्ख केली होती. भट्टीत नवा कोळसा रचून ठेवला होता, दुकानाच्या काचेत फळं मांडतात तसा. सांडशी, हातोडे, घण, सगळं ओळीनं भिंतीला. आणि मधोमध ऐरण, काळीभोर, ओली चमकणारी.

ताईनं तिच्यावर बोट टेकवलं. तेल होतं. जुनी वस्तू जपायची म्हणून भावानं तिला प्रेमानं तेल चोपडलं होतं. पण चालत्या ऐरणीला कुणी तेल लावत नाही. घणाचे घाव खाऊन तिचा माथा आपोआपच आरशासारखा होतो. तेल लावतात ते बंद पडलेल्या ऐरणीला, गंजू नये म्हणून. लोहाराच्या पोरांना हे कुणी शिकवावं लागत नाही.

बोट रुमालाला पुसून ती शेजारच्या खोलीत गेली. छतापर्यंत खोकी होती. एक उघडं होतं. आत गवतात बसवलेली पाती, तयार, घासलेली, एकासारखी एक. हातानं ठोकलेली दोन पाती कधी इतकी सारखी नसतात, त्यांच्यात भावंडांएवढा तरी फरक असतोच.

भाऊ मागून येऊन दारात उभा राहिला.

"कुठून येतात?" तिनं विचारलं.

"लांबून. जहाजानं येतात."

"आणि इथं काय करता?"

"खिळा मारतो. मूठ घासतो. बदक उठवतो." जरा थांबून तो म्हणाला, "बदक मात्र आपलंच आहे."

मग बाकीचं त्यानं तुकड्यातुकड्यांनी सांगितलं. पात्यांना पाणी देणारे काका गेले, त्यांच्यामागं शिकायला कुणी तयार झालं नाही, आणि शिकून विकायचं तरी कुणाला, इथला बाजार तर हातचा गेलेला. भट्टी विझली ती विझलीच. मग सुनेनं शोधून काढलं की पलीकडचे जुने शिंपी अजून बदकछाप मागतात आणि करारामुळं सीमेवर जकातही लागत नाही. पाती बाहेरून आणली. इथं बनल्याचा दाखला मिळवला. मुलगा माल घेऊन सीमेवर फेऱ्या घालायला लागला. सगळं सुरळीत चाललं होतं. आता तिकडच्या कुणाला तरी संशय आलाय. दाखला खोटा ठरला तर मागची सगळी जकात अंगावर येईल, मागणी बंद होईल आणि दाराला कुलूप लागेल. भाऊ हे तक्रार म्हणून सांगत नव्हता. पाऊस लांबला, वैरण संपली, असं सांगावं तसं सांगत होता, कुणाला दोष नाही.

"तुला आवडणार नाही, ठाऊक आहे मला," तो म्हणाला. "तू कधी वाकड्या वाटेनं गेली नाहीस. खोटं बोल असं मी तुला सांगणार नाही ताई. तू नुसती बस. भट्टी दुरुस्तीला काढलीय असं सून सांगेल."

ताईला पाठ फिरवून परतीची बस धरता आली असती. आपल्याच हातानं लिहिलेलं कलम तिच्या समोर खोक्यांत भरून छतापर्यंत रचलेलं होतं. पण भावानं पहिल्यांदा काही मागितलं होतं. आणि, खरं सांगायचं तर, तिला आतून सुटल्यासारखंही वाटलं. त्या वेळी गप्प बसून याचं बुडवलं, आता गप्प बसून याचं तारू. फिटंफाट होईल. अशी फिटंफाट मनात आणल्याची तिला त्याच क्षणी लाज वाटली, पण ती पुढच्या खोलीत जाऊन खुर्चीवर बसली.

साहेब दुपारी आले. दारातून आत येताना कानावर अडकवलेली बुटकी पेन्सिल आधी दिसली आणि ताईनं त्यांना ओळखलं. करार चालू होता तेव्हा पलीकडच्या ओळीत हा माणूस बसायचा. सगळे महागडी पेनं मिरवत असताना हा पेन्सिलीनं लिहायचा, म्हणून आपल्या बाजूची मंडळी त्याला पेन्सिलसाहेब म्हणत. केस पांढरे झाले होते. पेन्सिल, असं वाटावं की तीच असेल.

"बाई?" ते दारातच थांबले. "तुम्ही इथं?"

"आमच्या सल्लागार आहेत," सून पटकन म्हणाली.

ताईनं मान हलवली. हो अशी नव्हे, नाही अशीही नव्हे, पण पाहणाऱ्याला हो वाटावं अशी.

साहेबांचा चेहरा उजळला. त्यांनी खुर्ची ओढून घेतली, तब्येत विचारली, स्वतःच्या निवृत्तीला थोडेच दिवस उरलेत म्हणून सांगितलं. सीमेच्या दोन्ही बाजूंची भाषा एकच, फक्त हेल वेगळा, तेव्हा गप्पा रंगायला वेळ लागला नाही. सुनेकडे वळून ते म्हणाले की या बाईंनी आमच्या नाकी नऊ आणले होते. मग त्यांनी ते कलम पाठ म्हणून दाखवलं. नुसतं जोडणं, घासणं, शिक्का मारणं आणि खोक्यात भरणं म्हणजे बनवणं नव्हे. बाकांवर जोडणं आणि घासणं चालूच होतं. म्हातारीचा शिक्का वाजत होता, टक, टक. सुनेचं हसू चेहऱ्यावर होतं तिथंच घट्ट झालं.

"तिकडं कुणीतरी अर्ज केलाय, म्हणून यावं लागलं," साहेब म्हणाले. "पण जिथं बाई सल्ला देतात तिथं मी काय बघायचं? भट्टी दुरुस्तीला आहे म्हणता, तर असू दे. मी बघितली असं लिहितो."

सुनेनं इतका मोठा श्वास सोडला की समोरचा कागद हलला. ताईनं हातातल्या रुमालाची घडी घातली, मोडली आणि पुन्हा घातली. तिच्या शब्दावर विश्वास ठेवणारं माणूस समोर बसलं होतं, आणि तिनं तर शब्दही उच्चारला नव्हता.

भाऊ आतून चहाचा ट्रे घेऊन आला. स्वतःच घेऊन आला, कुणाच्या हाती दिला नाही. साहेबांनी लिहायला काढलेली पेन्सिल बाकावर ठेवली, तिथली एक कात्री उचलून हातात तोलली आणि त्यांना काहीतरी आठवून हसू आलं.

"बाई, आता सगळं जुनं झालं, म्हणून सांगतो. आम्ही मागण्या मांडायचो ना, त्यांत मुद्दाम थोडे बळीचे बकरे घालायचो. तुम्ही नाही म्हणायचं, आम्ही मोठ्या मनानं सोडायचं आणि बदल्यात दुसरं काहीतरी मागायचं. कात्र्या त्यांतल्याच. आम्हाला पक्कं ठाऊक होतं की तुम्ही वगळायला सांगणार. तुम्ही नुसती मान हलवली असती तरी आम्ही सोडल्या असत्या."

साहेबांनी कात्री परत बाकावर ठेवली.

"आम्ही तर रात्री जेवताना म्हणालो, यांच्याकडे कात्र्या करणारं कुणीच नाही की काय?"

"कुणाला विचारलं होतं?" भावानं विचारलं. ट्रे अजून हातातच होता.

"म्हणजे?"

"कात्र्यांबद्दल. तिथं कुणाला विचारलं होतं?"

"बाईंनाच की," साहेब सरळपणे म्हणाले. "त्यांच्या सचिवांनी विचारलं, कात्र्यांबद्दल काही? बाई म्हणाल्या, काही नाही. माझ्या अगदी समोर बसल्या होत्या."

भाऊ ताईकडे बघत राहिला. रागानं बघता तर बरं झालं असतं. हिशेब चुकला की माणूस कागदाकडं जसं बघतं, पुन्हा पुन्हा, चूक आपल्याच बेरजेत असणार असं धरून, तसं तो बघत होता. ताईची नजर त्याच्या हातांवर खिळली. नखांच्या कडेला काळ्या रेषा होत्या. भट्टी विझून इतकी वर्षं झाली तरी त्या गेल्या नव्हत्या.

त्यानं ट्रे खाली ठेवला. साहेबांचा कप त्यांच्यापुढं सरकवला, ताईचा ताईपुढं. मग म्हणाला, "साहेब, चहा घ्या आणि भट्टी बघायला चला."

"बाबा," सून म्हणाली.

"तू थांब पोरी. साहेब, बाईंच्या शब्दावर नका जाऊ."

त्यानं पडदा ओढला. साहेब गोंधळून उठले. बायकांचे हात थांबले. आत जाऊन भावानं साहेबांचा हात धरला आणि ऐरणीवर टेकवला.

"तेल आहे," तो म्हणाला. "चालत्या ऐरणीला तेल नसतं. ही भट्टी विझलेली आहे. कोळसा कालच आणलाय, तुमच्यासाठी. पाती बाहेरची आहेत. खोकी शेजारच्या खोलीत आहेत, बघून घ्या. आम्ही जोडतो, घासतो आणि बदक उठवतो. मी लोहाराचा मुलगा आहे, मला दोन्ही येतं, बनवायलाही आणि जोडायलाही. त्यांतला फरकही कळतो. त्यासाठी कलम नको."

साहेबांनी हात उचलला. बोटं काळी झाली होती. त्यांनी शेजारच्या खोलीत डोकावून पाहिलं, मग सावकाश ताईकडं वळले. ताई पडद्याशी येऊन उभी राहिली होती.

"बाई, तुम्हाला हे माहीत होतं?"

"हो."

"सल्लागार म्हणून?"

"सल्लागार नाही मी," ताई म्हणाली. तिचा आवाज तिलाच अनोळखी वाटला. "मी याची सख्खी बहीण. त्या दिवशीही होते."

साहेबांना कळायला थोडा वेळ लागला, आणि कळल्यावर त्यांनी नजर दुसरीकडं वळवली. दुसऱ्याच्या घरातलं उघडं कपाट चुकून दिसावं तशी. "मला लिहावं लागेल," ते भावाला म्हणाले. भाऊ म्हणाला, "लिहा." जाताना साहेबांनी भावाला नमस्कार केला. ताईपुढून ते मान खाली घालून गेले. पेन्सिल बाकावरच राहिली.

सून खोक्यांच्या खोलीत जाऊन रडली. बायकांनी आपले डबे उचलले आणि उद्या यायचं की नाही हे न विचारताच एकेक करून निघाल्या. शिक्केवाल्या म्हातारीनं मात्र जाताना शिक्का फडक्यात गुंडाळून भावाच्या हातात दिला.

ताई भट्टीच्या कट्ट्यावर बसली होती. भाऊ समोर, ऐरणीशी उभा.

"त्या दिवशी मी बोलले असते," तिनं सुरुवात केली, "तर लोक म्हणाले असते, भावाची बाजू घेतली. नियमच तसा होता. मला वाटलं..."

"नियम सांगू नकोस," भाऊ हळू आवाजात म्हणाला. "धंदा गेला त्याचं नाही. दुसऱ्या कुठल्या कारणानं गेलाच असता. मला एवढंच सांग ताई. आमची लाज वाटत होती का तुला?"

इतकी वर्षं तिनं स्वतःला बरेच प्रश्न विचारले होते. नियम पाळला का, देशाचं हित बघितलं का, पक्षपात टाळला का. हा विचारला नव्हता. त्याचं उत्तर तिला लगेच आलं. टेबल, पाण्याचे पेले, पॉलिश केलेले बूट, आणि त्या सगळ्यांसमोर उठून म्हणायचं, माझा भाऊ भट्टीवर कात्र्या ठोकतो. हे तिच्या तोंडून निघालं नव्हतं. तत्त्व नंतर आलं होतं, कोट घालून.

तिनं मान खाली घातली. भावाला कळलं.

त्यानं हातातला शिक्का ऐरणीवर ठेवला. मग म्हणाला, "बस चुकेल तुझी." पिशवी त्यानंच उचलली आणि गल्लीच्या तोंडापर्यंत आला. सायकलवाल्याच्या दुकानाशी थांबून पिशवी तिच्या हातात दिली. थांब्यापर्यंत आला नाही. ये पुन्हा, असंही म्हणाला नाही. वळून गेला तो गुडघा सावरत, एका बाजूला झुकत.

बसमध्ये शेजारी एक बाई बसली, कडक इस्त्रीच्या कपड्यांतली. ताईनं पुढच्या बाकाची दांडी धरायला हात पुढं केला तशी ती बाई जरा सरकली.

"तुमच्या हाताला काही लागलंय," ती म्हणाली. "बघा, माझ्या बाहीला नको."

ताईनं हात पाहिला. कट्ट्यावरून उठताना ऐरणीचा आधार घेतला होता, तळवा काळा झाला होता, नखांसकट. पिशवीत रुमाल होता. तिनं तो काढला नाही.

"ऐरणीचं तेल आहे," ती म्हणाली. "माझा भाऊ लोहार आहे. कात्र्या करायचा."

बाई बरं म्हणाली आणि खिडकीबाहेर बघू लागली. तिला त्याचं काहीच नव्हतं. इतकं सोपं होतं ते, आणि ताईनं ते जिथं सांगायचं तिथं सांगितलं नव्हतं. तिनं हात मांडीवर उलटा ठेवला आणि उतरायचं ठिकाण येईपर्यंत तो तसाच धरून बसली.